वेताळ टेकडीवर क्वाड्रॅट: किती, केवढे, कुठे? आणि एकाच तक्त्यावरून दोन वेगळे शॅनन कसे?

दगडफूल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, पहिलं वर्ष. लघुप्रकल्पाचा विषय असा: पुण्यातल्या वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या (उंदीरमारीच्या) लागवडीखालचा जमिनीलगतचा झाडोरा आणि उघड्या पठारावरचा झाडोरा यांची तुलना. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे १ मीटर × १ मीटरचे दहा-दहा क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) टाकले. पठारावर १४ जाती आणि ४१२ रोपं मिळाली, ग्लिरिसिडियाखाली ९ जाती आणि १३८ रोपं. शॅनन निर्देशांक (जातींच्या विविधतेचं माप) पठाराचा १.८० आणि ग्लिरिसिडियाचा १.३५ आला. प्रकल्पातल्या मैत्रिणीने त्याच तक्त्यावरून काढला तर ०.७८ आणि ०.५९. दोघींनी तीनदा तपासलं, बेरीज-भागाकार कुठेच चुकलेला नाही.

दुसरी अडचण गवताची. कुसळीचा एक ठोंब म्हणजे एक रोप धरायचं की प्रत्येक फुटवा वेगळा? आम्ही ठोंब धरला, पण काही ठिकाणी ठोंब एकमेकांत मिसळलेले होते, तिथे अंदाजच केला.

दहा क्वाड्रॅट पुरेसे आहेत का? सप्टेंबर संपेपर्यंत अजून चार-पाच सकाळी जाता येईल.

निष्कर्षात असं लिहिलंय: ‘पठार हा अनुक्रमणाचा सुरुवातीचा टप्पा असून ग्लिरिसिडियाचं वन हा पुढचा टप्पा आहे, मात्र ग्लिरिसिडियामुळे विविधता घटली आहे.’ हे चालेल का? आणि तोंडी परीक्षेसाठी एक शंका: एका झाडावर हजारो किडे असतात म्हणून संख्येचा पिरॅमिड (अन्नसाखळीच्या प्रत्येक पातळीवर किती जीव ते दाखवणारा) उलटा होतो, तर ऊर्जेचा कधीच उलटा का होत नाही?

चौकट

आधी सोपं संपवूया. १.८० ला ०.७८ ने भागा, १.३५ ला ०.५९ ने भागा. दोन्हीकडे उत्तर २.३ च्या आसपास येतं. दहाचा नैसर्गिक लॉग २.३०३ आहे. म्हणजे तुम्ही एक्सेलमध्ये ‘एलएन’ वापरलंत आणि मैत्रिणीने ‘लॉग’. ‘लॉग’ला पाया सांगितला नाही तर ते दहाचाच पाया धरतं. दोघींचं गणित बरोबर आहे, फक्त मोजपट्टी वेगळी आहे. पर्यावरणशास्त्रात हल्ली बहुधा नैसर्गिक लॉग वापरतात, जुन्या लेखांत दोनचा पायाही दिसतो. अहवालात कोणता पाया वापरला ते एका वाक्यात लिहा, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुलना करताच येणार नाही.

तक्ता बरोबर लावलाय का हे तपासायला खोटी आकडेवारी घालून बघा. चार जाती, प्रत्येकीची १० रोपं. नैसर्गिक लॉगने १.३८६, दोनच्या पायाने बरोबर २, दहाच्या पायाने ०.६०२ यायला हवं. मग आकडे बदला: ३७, १, १, १. जाती चारच, रोपं चाळीसच, पण शॅनन ०.३४९ वर घसरतो. समतेचा निर्देशांक म्हणजे शॅनन भागिले जातिसंख्येचा लॉग. तो पहिल्या वेळी १ आणि दुसऱ्या वेळी ०.२५. या निर्देशांकात जातींची संख्या आणि त्यांची वाटणी अशा दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात, हे या दोन उदाहरणांवरून जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही. म्हणून नुसता शॅनन कधीच देऊ नये. शेजारी जातिसंख्या आणि समता द्या. तुमच्या तक्त्यात समता पठाराची ०.६८ आणि ग्लिरिसिडियाखालची ०.६१ येते, म्हणजे समतेत फार फरक नाही, बराचसा फरक जातिसंख्येतून आलाय.

एक सुचवणी. शॅनन हाच घातांक धरून घात काढून लिहा. ई चा (म्हणजे नैसर्गिक लॉगच्या पायाचा) १.८० वा घात ६.०५, आणि १.३५ वा घात ३.८६. अर्थ असा की पठाराची विविधता सारख्या प्रमाणात असलेल्या सहा जातींइतकी आणि ग्लिरिसिडियाखालची जेमतेम चार जातींइतकी. ‘१.८० विरुद्ध १.३५’ यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही, ‘सहा विरुद्ध चार’ लगेच कळतं. शिवाय लॉगच्या पायाचा घोळही मिटतो: मैत्रिणीच्या आकड्यासाठी दहाचा ०.७८ वा घात काढा, तिथेही सहाच येईल.

तक्त्यात नेहमी होणाऱ्या दोन चुका. एखादी जात एका ठिकाणी नसेल तर तिथे शून्य असतं, शून्याचा लॉग निघत नाही, एक्सेल त्रुटी दाखवतं आणि खालची बेरीजही त्रुटीच दाखवते. शून्य असेल तर उत्तर शून्य धर, अशी अट सूत्रात घाला. त्या जातीची ओळच काढून टाकू नका, दुसऱ्या ठिकाणचा हिशेब बिघडतो. दुसरी चूक जास्त लपलेली असते. दहा क्वाड्रॅटची बेरीज करून एक शॅनन काढणं आणि दहांचे दहा शॅनन काढून सरासरी घेणं यांची उत्तरं वेगळी येतात. पहिलं सगळ्या जागेबद्दल बोलतं, दुसरं एका चौरस मीटरबद्दल. कोणतं केलंत ते लिहा.

आणि १४ विरुद्ध ९ ही तुलनासुद्धा जशीच्या तशी करता येत नाही. ४१२ रोपं पाहिली तर १३८ रोपांपेक्षा जास्त जाती दिसणारच. पठारावरच्या ४१२ मधून यदृच्छेने १३८ उचलली असती तर सरासरी किती जाती मिळाल्या असत्या, हे काढायला रेअरफॅक्शन वापरतात. ‘पास्ट’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते दोन मिनिटांत होतं. उत्तर ११-१२ आलं तर फरक खरा मानायला जागा आहे, ९-१० आलं तर नाही.

मारवेल

मी फक्त मोजणीबद्दल बोलते.

गवताची रोपं मोजू नका. कुसळी, मारवेल यांच्यासारख्या ठोंब करणाऱ्या किंवा पसरणाऱ्या गवतांत ‘एक रोप’ ही गोष्ट डोळ्यांनी ठरवताच येत नाही. अंदाजाने धरलेले ठोंब इतर जातींच्या खऱ्या मोजणीत मिसळले की संपूर्ण तक्ता संशयास्पद होतो. गवतासकट सगळ्यांचं आच्छादन टक्क्यांत मोजा, म्हणजे वरून पाहिलं तर त्या जातीने चौकटीतली किती जमीन झाकली आहे. ज्या जातींची रोपं सुटी दिसतात त्यांची संख्या वेगळ्या रकान्यात लिहा. शॅनन आच्छादनावरूनही काढता येतो, तिथे वाटा म्हणजे त्या जातीचं आच्छादन भागिले सगळ्या जातींच्या आच्छादनांची बेरीज. ही बेरीज १०० च्या वर गेली तर घाबरू नका, पानं एकमेकांवर असतातच. मात्र संख्येवरचा शॅनन आणि आच्छादनावरचा शॅनन एका तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करू नका.

टक्के डोळ्यांनी ठरवताना दोघींचे अंदाज जुळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे जाळी. चौकटीच्या चारही बाजूंना दर १० सेंटिमीटरला भोक पाडून सुतळी ओवली की १०० घरं होतात, एक घर म्हणजे एक टक्का. तेही वेळखाऊ वाटलं तर ब्राउन-ब्लाँकेची श्रेणी वापरा: १ म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, २ म्हणजे ५ ते २५, ३ म्हणजे २५ ते ५०, ४ म्हणजे ५० ते ७५, ५ म्हणजे त्यावर. अगदी तुरळक असेल तर अधिक चिन्ह.

चौकट पाऊण इंची पीव्हीसी पाइपची करा, चार तुकडे आणि चार एल्बो. रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं मिळतं. एल्बो चिकटवू नका, म्हणजे सुटे करून दुचाकीवर नेता येतात. दुसरा फायदा असा की झुडूप मध्ये आलं तर तीन बाजूंची चौकट खालून सरकवायची आणि चौथी बाजू नंतर लावायची. बंद चौकट घाणेरीवर ठेवली की ती अर्धा मीटर वर लटकते आणि मोजणारा वाकून, तिरक्या नजरेने काहीही मोजतो. पाइप कापण्याआधी तो एल्बोत किती आत जातो ते मोजा. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत १०० सेंटिमीटर हवेत. ९६ भरले तर क्षेत्रफळ ०.९२ चौरस मीटर होतं, म्हणजे प्रत्येक घनता आठ टक्के कमी येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

कडेवरच्या रोपांचा नियम जाण्याआधी ठरवा. संख्या मोजताना रोपाचं मूळ आत असेल तर आत, पानं आत आणि मूळ बाहेर असेल तर बाहेर. मूळ नेमकं पाइपाखाली आलं तर डाव्या आणि खालच्या बाजूचं धरायचं, उजव्या आणि वरच्या बाजूचं सोडायचं. नियम नसला की मोजणाऱ्याचा हात नकळत ‘आत घे’ म्हणतो आणि घनता फुगते. आच्छादन मोजताना मात्र मुळाचा प्रश्न नाही, चौकटीच्या आत जेवढी पानं आली तेवढी धरायची.

उताराचं विसरू नका. जमिनीचं क्षेत्रफळ आडव्या पातळीवर धरतात. ३० अंशांच्या उतारावर आडवे १० मीटर हवे असतील तर उतारावरून ११.५५ मीटर मोजावे लागतात. २० अंशांना १०.६४. एक मीटरच्या चौकटीला हा फरक किरकोळ, पण झाडांसाठी १० × १० मीटरचा प्लॉट आखताना दुरुस्ती हवीच. काटकोन तपासायला कर्ण मोजा: १० × १० चा १४.१४ मीटर आणि झुडपांसाठीच्या ५ × ५ चा ७.०७ मीटर. दोन्ही कर्ण जुळले की चौकोन सरळ. दोरी नायलॉनची घेऊ नका, ओढली की लांबते.

ओळख पटवण्याबद्दल एकच कळकळीची गोष्ट. तक्त्यात शास्त्रीय नाव लिहा, मराठी नाव शेजारी ठेवा. एकाच नावाने दोन वनस्पती आणि एकाच वनस्पतीला तीन नावं असा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात आणि ज्याची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली, ते गवत नाहीच. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. नावात गवत आहे म्हणून ते गवतांच्या रकान्यात गेलं तर ‘गवतांचं आच्छादन’ हा आकडा खोटा ठरतो. ते उपटताना हातमोजे घाला, अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठतं. ओळख न पटलेल्या जातीला ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ असे क्रमांक द्या आणि पानाची मांडणी, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने असे फोटो घ्या. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नमुने तोडू नका. टेकडीच्या पायथ्याशीच आघारकर संशोधन संस्था आहे, कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, दोन्हीकडे वनस्पतिसंग्रहालय आहे. विभागाचं पत्र घेऊन जा.

सरासरी

दहा पुरेत का, या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं अचूकतेचं. दर क्वाड्रॅटमधल्या रोपांची सरासरी आणि मानक विचलन काढा. पठारावर सरासरी ४१ आहे. मानक विचलन ३३ आलं असं समजा, वनस्पती पुंजक्यांनी वाढतात म्हणून इतकं सहज येतं. म्हणजे चलन गुणांक (मानक विचलन भागिले सरासरी) ८० टक्के. ९५ टक्के खात्रीसाठी चूक ढोबळमानाने २ गुणिले ८० भागिले क्वाड्रॅटच्या संख्येचं वर्गमूळ. दहा क्वाड्रॅटना ही चूक ५० टक्क्यांच्या वर जाते, तीसना २९ टक्के. २० टक्क्यांवर आणायची तर ६४ क्वाड्रॅट लागतात. जातींसाठी वेगळी कसोटी आहे: क्वाड्रॅटची संख्या आडव्या अक्षावर, तोवर सापडलेल्या एकूण जाती उभ्या अक्षावर. दहाव्या क्वाड्रॅटलाही नवी जात सापडत असेल तर रेषा अजून चढतेय आणि तुमचे १४ हा आकडा अपुरा आहे. आलेख काढताना क्वाड्रॅटचा क्रम अनेकदा पिसून सरासरी रेषा काढा, नाहीतर चालण्याच्या क्रमाचा परिणाम दिसत राहतो.

आता दुसरं उत्तर. तुमचे दहाच्या दहा क्वाड्रॅट ग्लिरिसिडियाच्या एकाच पट्ट्यात आहेत का? तसं असेल तर ‘ग्लिरिसिडियाचा परिणाम’ या प्रश्नासाठी तुमच्याकडे दहा नमुने नाहीत, एकच आहे. त्या एका पट्ट्यात माती उथळ असेल, तिथून पायवाट जात असेल, तिथे गेल्या वर्षी वणवा लागला असेल, तर ते सगळे गुण दहाही क्वाड्रॅटना सारखेच लागू आहेत. एकाच पट्ट्यात शंभर क्वाड्रॅट टाकले तरी तो पट्टा जास्त नीट कळेल, ग्लिरिसिडियाबद्दल काहीच जास्त कळणार नाही. याला आभासी पुनरावृत्ती म्हणतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर लिहिलं तेव्हापासून परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवा.

म्हणून उरलेल्या सकाळी अशा वापरा. ग्लिरिसिडियाचे एकमेकांपासून वेगळे पाच पट्टे आणि उघडे पाच पट्टे निवडा, शक्यतो जोडीने: जवळजवळ, सारख्या उताराचे, सारख्या दिशेला तोंड असलेले. प्रत्येकात सहा क्वाड्रॅट, एकूण साठ. एकाला २० मिनिटं धरली तर २० तास, म्हणजे चार सकाळी. विश्लेषणात आधी प्रत्येक पट्ट्याची सरासरी काढा आणि चाचणी पाच विरुद्ध पाच अशी लावा. पट्ट्यांची संख्या कमी करायचा मोह होईल. दोन गटांची तुलना करणाऱ्या मान-व्हिटनी चाचणीत तीन विरुद्ध तीन घेतले तर फरक कितीही मोठा असो, दुहेरी पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही. चार विरुद्ध चारला सर्वात कमी ०.०२९, पाच विरुद्ध पाचला ०.००८. तिनांवर थांबलात तर निकाल मोजणीआधीच ठरलेला आहे. पट्टे जोडीने निवडून विल्कॉक्सनची जोड-चाचणी लावायची असेल तर मात्र पाच जोड्याही कमी पडतात, तिथे सर्वात कमी पी ०.०६२५ असतो, सहावी जोडी हवी.

शॅननच्या तुलनेसाठी हचेसनची टी-चाचणी कुणीतरी सुचवेल. ती प्रत्येक रोप स्वतंत्र धरते. पुंजक्यात वाढणारी रोपं स्वतंत्र नसतात, त्यामुळे पी भलताच लहान येतो. पट्ट्यांच्या सरासरीवरच राहा.

आणि चौकट पाठ फिरवून मागे फेकणं म्हणजे यदृच्छा निवड नव्हे. माणूस काट्यांत फेकत नाही, लांबही फेकत नाही. दोन टेप काटकोनात टाका, मोबाइलवर यदृच्छ संख्यांच्या जोड्या आधी काढून कागदावर लिहून न्या आणि त्या बिंदूवर चौकटीचा डावा खालचा कोपरा ठेवा. पायवाटेपासून ५ मीटर आत राहायचं असा नियम करणार असाल तर तोही आधी, दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांना सारखाच. ‘इथे काहीच नाही’ म्हणून रिकामी चौकट सोडू नका. ती रिकामी चौकट हीच माहिती आहे.

मारवेल

‘सरासरी’ यांना एक पुस्ती. उतारावर १ × १ ऐवजी अर्धा × २ मीटरची चौकट, लांब बाजू उतारावर आडवी न ठेवता वरून खाली, अशी वापरून पाहा. चर, बांध, दगड यांच्या पलीकडे-अलीकडे झाडोरा बदलतो आणि लांबट चौकट ते सगळं एकदम पकडते, त्यामुळे क्वाड्रॅट-क्वाड्रॅटमधला फरक कमी होतो.

सरासरी

मान्य, पण परिमिती ४ मीटरची ५ होते, म्हणजे कडेवरच्या रोपांचे वाद पाव पटीने वाढतात. आणि आधीचे वीस क्वाड्रॅट चौरस आहेत. मध्येच आकार बदलला तर जुनी-नवी माहिती एकत्र करता येणार नाही, वारंवारता (जात किती टक्के चौकटींत सापडली ते) तर चौकटीच्या आकारावरच अवलंबून असते. या प्रकल्पात चौरसच ठेवावा.

मारवेल

हे बरोबर. चौरसच ठेवा.

खैर

निष्कर्षाच्या वाक्याबद्दल. त्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही मूळ संकल्पनेतल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अनुक्रमण म्हणजे एकाच जागी काळानुसार एका समुदायाची जागा दुसऱ्याने घेणं, तेही आधीच्या जातींनी माती, सावली, ओलावा बदलल्यामुळे किंवा बिया येऊन पोचल्यामुळे. ग्लिरिसिडिया तिथे अशा क्रमाने आलेला नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड खड्डे खणून लावलेलं आहे. लागवड ही अनुक्रमणाची पायरी नसते. त्या झाडांखाली पुढे धावडा, मेडशिंगी, वारस यांची रोपं रुजतात की नाही, हा मात्र अनुक्रमणाचा प्रश्न आहे, आणि तुमच्या क्वाड्रॅटमध्ये तो मोजता येईल. स्थानिक झाडांच्या रोपट्यांसाठी वेगळा रकाना कराच.

दुसरी चूक, पठाराला ‘सुरुवातीचा टप्पा’ म्हणणं. शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन जागांना काळाच्या पुढे-मागे ठेवायचं तर बाकी सगळी परिस्थिती सारखी होती असं गृहीत धरावं लागतं. इथे ती सारखी नाही. पठारावर बेसॉल्टच्या खडकावर मुरुमाचा पातळ थर असतो, पावसाळ्यात पाणी साचतं आणि हिवाळ्यापासून तडतडीत कोरडं होतं. तिथे दाट झाडी न येणं हे अपुरेपणाचं लक्षण नाही. पुण्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अशा उथळ जमिनीवर गवत, हंगामी फुलझाडं आणि विखुरलेली काटेरी झुडपं हाच तिथला स्वतःचा, पुरा वाढलेला समुदाय असू शकतो. ‘झाडं कमी म्हणजे परिसंस्था बिघडलेली’ ही समजूत इतकी खोल रुजली आहे की अभ्यास करणारेही नकळत तसं लिहून जातात. तुमच्याच आकड्यांत पठार जास्त विविध आहे, तरी वाक्यात ते मागच्या टप्प्यावर गेलंय. तो शब्द काढाच.

तिसरी चूक ‘ग्लिरिसिडियामुळे’ या शब्दातल्या ‘मुळे’ची. लागवड करताना उतारावर सलग समतल चर खणतात. मग चराचा परिणाम, खोल झालेल्या मातीचा परिणाम आणि झाडाचा परिणाम कसे वेगळे करणार? तीन गोष्टी मोजल्या तर निदान काही सांगता येईल. मातीची खोली: १० मिलिमीटरची लोखंडी सळई हातोडीने ठोकायची, खडक लागेपर्यंत, प्रत्येक क्वाड्रॅटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यावर, पाचांची सरासरी. पालापाचोळ्याची जाडी: पट्टी उभी खोचून, त्याच पाच जागी. छत्राचं (वरच्या फांद्या-पानांचं) आच्छादन: चौकटीच्या मध्यावरून मोबाइल सरळ वर करून फोटो, सगळे एकाच उंचीवरून. शक्य असेल तर चर असलेला पण ग्लिरिसिडिया नसलेला एखादा पट्टाही शोधा, तुलनेसाठी सोन्यासारखा आहे.

परिणाम खरा असेल तर तो कशामुळे असावा याची कारणंही लिहा, नुसता आकडा देऊ नका. ग्लिरिसिडिया हिवाळ्यात पानं झाडतो आणि नंतर निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलतो, तेव्हा खाली भरपूर ऊन असतं. पण हंगामी रोपं जूनमध्ये रुजतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात, नेमकी तेव्हाच त्याची सावली सर्वात दाट असते. मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे तो हवेतला नत्र बांधतो आणि त्याचा पाला लवकर कुजतो. नत्र वाढला की मोजक्या, भराभर वाढणाऱ्या जाती फोफावतात आणि उथळ, उपाशी मातीला सरावलेल्या जाती मागे पडतात. हे दोन्ही अंदाज तुमच्या तक्त्यात पडताळता येतात: सावलीचे टक्के वाढतात तशा जाती कमी होतात का, आणि उरलेल्या जाती कोणत्या? म्हणूनच जातींची यादी द्या. नऊ जातींत गाजरगवत, घाणेरी आणि रानतुळस असणं वेगळं आणि नऊ स्थानिक गवतं असणं वेगळं. शॅननला यातला फरक दिसत नाही.

मोजणी सप्टेंबरमध्येच पूर्ण करा. निम्मी ऑक्टोबरअखेर केलीत तर दरम्यान हंगामी रोपं वाळून गेलेली असतील आणि ऋतूतला फरक तुम्ही जागेतला फरक म्हणून लिहाल. एका सकाळी दोन्ही प्रकारचे पट्टे करा, एक दिवस फक्त ग्लिरिसिडिया आणि दुसऱ्या दिवशी फक्त पठार असं नको.

पिरॅमिडचं थोडक्यात. संख्या आणि जैवभार म्हणजे या क्षणाची शिल्लक, ऊर्जा म्हणजे वर्षभराची आवक. समजा तळ्यात एका चौरस मीटरला सूक्ष्म शैवाल ४ ग्रॅम आहे आणि रोज २ ग्रॅम नवं तयार होऊन खाल्लं जातं. प्राणिप्लवक (ते खाणारे सूक्ष्म प्राणी) २० ग्रॅम आहे आणि वर्षाला ७० ग्रॅम वाढतं. शिल्लक पाहिली तर ४ वर २०, पिरॅमिड उलटा. आवक पाहिली तर ७३० वर ७०, सरळ. वरच्या पातळीला मिळणारी प्रत्येक कॅलरी खालूनच येते आणि श्वसनात त्यातली बरीच उष्णता होऊन जाते, म्हणून आवक उलटी होऊच शकत नाही. ‘दहा टक्के’ ही ढोबळ सरासरी आहे, नियम नाही. उत्तरात एकक लिहा: दर चौरस मीटरला दर वर्षाला किलोज्यूल. ‘दर वर्षाला’ हे शब्द लिहिले की परीक्षकाचा पुढचा प्रश्न उरत नाही.

दगडफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. दहाही क्वाड्रॅट एकाच पट्ट्यात होते, तेव्हा ते पूर्वचाचणी म्हणून वेगळे दाखवते आणि पाच-पाच पट्ट्यांचं नव्याने करते. पट्ट्यात ग्लिरिसिडिया किती दाट आहे हे दाखवायला १० × १० च्या प्लॉटमध्ये खोडांचा घेर मोजणार आहोत. पण बहुतेक झाडं बुंध्यापासून तीन-चार खोडांनी फुटलेली आहेत. घेरांची बेरीज करायची का?

चौकट

घेरांची नाही, क्षेत्रफळांची. खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले १२.५७. ३० सेंटिमीटर घेराची तीन खोडं असतील तर प्रत्येकी ७१.६, एकूण २१५ चौरस सेंटिमीटर. घेर आधी मिळवून ९० धरला तर ६४५ येतात, बरोबर तिप्पट, आणि झाड कागदावरच जाडजूड होतं. घनतेसाठी मात्र ते एकच झाड. घेर १.३७ मीटर उंचीवर, उतारावर वरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजून. त्या उंचीच्या खाली फुटलेलं प्रत्येक खोड वेगळं मोजायचं, वर फुटलं असेल तर एकच. ३१.५ सेंटिमीटर आणि वर ते झाड, १०.५ ते ३१.४ ते तरुण झाड, त्याखाली रोपटं, असे गट आपल्याकडच्या अभ्यासांत सर्रास वापरतात. फुटव्यांच्या झाडाचा गट त्याच्या सर्वात जाड खोडावरून ठरवा आणि तसं पद्धतीत लिहा. टेप खोडाला काटकोनात धरा. वेल असेल तर टेप तिच्याखालून घ्या. नेमकी त्या उंचीवर गाठ आली असेल तर गाठीच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर दोन मापं घेऊन सरासरी लिहा.